जीप उभी राहीना

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच लिहितात, ते मला ठाऊक आहे. माझी नात मोबाईलवरून तुमच्या या भुतांच्या गोष्टी मला वाचून दाखवते. अर्ध्या ऐकून मला हसूच येतं. पांढरी साडी, उलटे पाय, मोकळे केस... भुतांना दुसरं काही सुचत नाही का?

म्हणून मी तिला म्हटलं, बस इथे आणि मी सांगते ते लिही. ऐकीव काही नाही. त्या जीपमध्ये मी स्वतः होते, मागच्या बाजूला, बाहेरचा रस्ता दिसेल अशी.

साल एकोणीसशे एकसष्ट. दिवाळी नुकतीच आटोपली होती. जागा म्हणजे पुसदच्या अलीकडचं आमचं गाव आणि तिथून पूस नदीकडे उतरणारा रस्ता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या भावाची माणसं अजून तिथेच राहतात, त्यांना उगाच त्रास नको.

आणि वेळ अपरात्रीची नव्हती. दिवेलागणीची होती. आभाळात चांगला उजेड होता. तेव्हा अंधारात भास झाला असेल, असं मला कुणी समजावू नये.

मी तेव्हा विशीतली. सासर दिग्रसचं, दिवाळीला माहेरी आलेली. माझा भाऊ बबनराव गावातला बऱ्यापैकी कापूसवाला. त्यानं मिलिटरीच्या लिलावातून एक जुनी जीप आणली होती आणि तिचा त्याला फार गर्व होता. चालवता मात्र येत नव्हती. ती चालवायचा धनसिंग.

धनसिंगभाऊ आमच्या गावाशेजारच्या तांड्यातला. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. बैलांच्या त्या लांबलचक काफिल्याला ते लोक लदेणी म्हणतात. पुढे रेल्वे आली, लदेणी बंद पडली आणि सगळे शेतीला लागले. धनसिंगभाऊचं मन शेतीत कधी रमलंच नाही. त्याला चाक लागायचं. हसरा माणूस, तोंडाची टकळी सतत चालू, आणि कुणी हाक मारली की हातातलं काम टाकून येणार.

त्याची आई मानीबाई आसपासच्या गावांची दाई होती. माझ्याही जन्माला तीच होती.

आता मुख्य गोष्ट. माझी इंदूवहिनी पूर्ण दिवसांची होती. याआधी तिची दोन बाळं गेली होती, दोन्ही घरीच, जन्मतानाच. दुसऱ्या वेळी तर तीही जाता जाता राहिली. पुसदच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की या वेळी कळा सुरू झाल्या की तडक दवाखान्यात आणा. घरी ठेवलंत तर बाई हाती लागणार नाही.

म्हणून ती जीप चालू असणं आमच्यासाठी किती मोठी गोष्ट होती, ते लक्षात घ्या.

आणि नेमकी तीच बिघडली होती. चढावर धापा टाकायची, मधेच बंद पडायची. बबनराव कापसाच्या गाड्या घेऊन पुसदच्या बाजाराला निघाला तेव्हा जाता जाता म्हणाला, "धनसिंग, मी येईपर्यंत गाडी चांगली झाली पाह्यजे. इंदूचे दिवस भरले हायेत."

"तुमी बेफिकीर जा, मालक," धनसिंगभाऊ म्हणाला.

त्यानं सकाळपासून अंगणात बॉनेट उघडून कार्बुरेटर काढला. पेट्रोलमध्ये धुतला, फुंकला, पुन्हा बसवला. मी ओट्यावर बसून बाळासाठी दुपटं शिवत होते. माझी टिंगल चालूच होती.

"काय भाऊ, झाली का तुमची नवरी तयार?"

"झाली ताई. पोटातला सारा कचरा काढला तिच्या. आता पाहा, मांजरीवानी घुरघुर करते का नाही."

त्यानं जीप चालू केली.

घुरघुर कसली... ती एकदम मोठ्यानं ओरडायलाच लागली. ओट्यावरची माझी सुई-दोऱ्याची डबी थरथरून खाली पडली. धनसिंगभाऊनं ॲक्सिलेटरवरचा पाय उचलून मला दाखवला. पाय हवेत होता आणि इंजिन तसंच भरधाव.

"ही तर माहेरी निंगालेल्या पोरीवानी करून राह्यली," मी म्हटलं.

तोही हसला. सुरुवातीला हसला.

मग तो एकेक गोष्ट तपासायला लागला. काम करताना बोलायची सवय असल्यामुळे मला सगळं कळत गेलं. आधी त्यानं ॲक्सिलेटरची सळई अडकली का ते पाहिलं. अडकली नव्हती. तरी ती सोडवून बाजूला ठेवली. फरक नाही.

इंजिनाची संथ चाल ठरवणारा स्लोचा स्क्रू पार ढिला केला. फरक नाही.

कार्बुरेटरची आतली झडप पाहिली. नीट मिटलेली होती.

"मंग पॅकिंगमधून हवा चोरत असन," तो म्हणाला. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यात एक जाड तुकडा बसवतात, मधून हवा शिरू नये म्हणून. त्याला मिस्त्री लोक पॅकिंग म्हणतात. सांध्याला फट राहिली तर इंजिनाला जास्तीची हवा मिळते आणि ते असं पळतं. पाहायची पद्धत सोपी होती. सांध्यावर चार थेंब तेल टाकायचं. फट असली तर तेल आत ओढलं जातं आणि आवाज बदलतो.

त्यानं तेल टाकलं.

तेल आत गेलं नाही. सांध्यावरच थांबलं... आणि त्याला बुडबुडे यायला लागले.

धनसिंगभाऊ वाकून पाहत राहिला. बोलायचा थांबला होता. तो बोलत नाही म्हटल्यावर मी दुपटं बाजूला ठेवून उठले.

तेवढ्यात माझं लक्ष गोठ्याकडे गेलं. आमची बैलं भर दुपारी बसून रवंथ करायची. सगळी उभी होती. रवंथ बंद. सगळ्यांची तोंडं जीपकडे आणि गळ्यातले दोर ताणलेले.

"भाऊ, बंद करा बरं ती," मी म्हटलं.

"थांबा ताई. एक पाह्यतो."

त्यानं कार्बुरेटरच्या तोंडावर पूर्ण तळवा दाबून धरला. असं केलं की इंजिन तळवा आत ओढून घेतं आणि हवा न मिळाल्यामुळे बंद पडतं.

बंद पडलं नाही.

त्यानं झटक्यात हात मागे घेतला. तळवा ओला होता. त्यानं तो नाकाशी नेला आणि त्याचा चेहराच उतरला.

"काय झालं?"

"यानं आत ओढाले पाह्यजे, ताई..." तो हळूच म्हणाला. "हे बाहेर सोडून राह्यलं. गरम."

त्याचा हात माझ्यापासून वीतभर होता. पेट्रोलचा वास नव्हता त्याला. चघळलेल्या कडब्याचा वास होता. गोठ्यात वाढलेल्या बाईला तो वास शिकवावा लागत नाही.

त्यानं बटण बंद केलं. इंजिन लगेच थांबलं नाही. दोन-चार धापा टाकल्या आणि मग थांबलं.

"हवा उलटी आली असन," तो म्हणाला. पण तो हात त्यानं पँटला पुसला, मग मातीला पुसला, मग रांजणावर जाऊन धुतला.

त्यानंतर पुन्हा बॉनेट उघडायला वेळच मिळाला नाही. कारण आतून वहिनीनं मला हाक मारली आणि त्या हाकेतच मला सगळं कळलं. मी आत गेले. ती खांबाला धरून उभी होती आणि जमिनीवर रक्त होतं.

मला फार भीती वाटली. भुताची नाही, तिच्या जिवाची. मी रडायलाच लागले आणि मला धीर द्यायची पाळी तिच्यावर आली.

मानीबाई दुसऱ्या गावी एका बाळंतिणीकडे गेलेली, ती नेमकी त्याच वेळी परत येत होती. घरी न जाता तशीच आमच्याकडे आली. पोटावर हात ठेवून पाहिलं आणि धनसिंगला म्हणाली, "गाडी काढ. माह्या हातचं काम नाई हे."

"याडी, गाडी जरा..." आईला तांड्यात याडी म्हणतात. "लई रेस घेऊन राह्यली."

"चालते ना?"

"चालते. उभी राह्यत नाई."

"आपल्याले कुठी उभं राह्याचं हाय? काढ."

जीपच्या मागच्या भागात गादी टाकून वहिनीला निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. पायाशी मानीबाई. वर ताडपत्रीचं छत, मागची बाजू उघडी. मला मागचा सगळा रस्ता दिसत होता.

निघालो तेव्हा गुरं घरी परतायची वेळ होती. वेशीत कळप आडवा आला म्हणून धनसिंगभाऊनं वेग कमी केला, आणि इंजिनाचा आवाज उलट चढला. रागावल्यासारखा. गुरं दोन्ही बाजूंना सरली. आम्ही पुढे गेलो. मी मागे पाहत होते.

ती गुरं गावात गेलीच नाहीत.

वळली आणि आमच्या मागे चालायला लागली. गुराखी काठी आपटत ओरडत होता. बराच वेळ ती येत राहिली आणि मग एका वळणाआड गेली.

वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. कळ आली की ती दातांतून आवाज काढायची आणि मी तिच्या कपाळावरून हात फिरवायची. पुसद अजून दूर होतं.

मग तो आवाज आला...

ठण्.

इंजिनाच्या गोंगाटाखाली, खोल कुठेतरी. मला वाटलं एखादं नट ढिलं झालं असेल.

ठण्... ठण्.

घंटेचा आवाज होता तो. देवळातल्या घंटेचा नाही. चालत्या जनावराच्या गळ्यात असते तसली, जाड, पावलागणिक वाजणारी. आणि ती पुढून येत होती. बॉनेटखालून.

मानीबाईनं मान वर केली. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"धना," ती म्हणाली, "तू गाडीत काय टाकलं?"

त्यानं चाक आणखी घट्ट धरलं.

"मी काय इचारून राह्यली?"

"पॅकिंग फाटलं होतं, याडी." त्यानं मागे पाहिलं नाही. "दिवाळीमुळं पुसदची मोटारीच्या सामानाची दुकानं अजून बंद. इंदूवहिनीचे दिवस भरलेले. गाडी कशी बंद ठेवू? जाड कातडं पाह्यजे होतं... दारावरचा पट्टा होता. त्याचा तुकडा कापला."

मानीबाईच्या घराच्या दारावर एक चामड्याचा पट्टा टांगलेला असायचा, हे मलाही माहीत होतं. काळा, रुंद, एक कडी असलेला. ती दरवर्षी त्याला तेल लावायची. मला वाटायचं, असेल काहीतरी देवाचं.

"जुनं कातडंच तर होतं ना, याडी."

"तो पुढच्या बैलाचा पट्टा हाय," मानीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "तुह्या पणज्याच्या लदेणीचा. समोर एकच बैल घंटा घालून चालते. मांगच्यायले धुरळ्यात काई दिसत नाई. ते घंटेमांगं येतात, बैलं बी आन माणसं बी. तो चालला का सारे चालतात. मीठ घेऊन येऊन राह्यले होते. जुन्या उतारावर नदीले पूर होता. समोरचा आत गेला... मांगचे सारे त्याच्या मांगं गेले. एक माणूस वापस नाई आला. पट्टा तेवढा बाभळीले अटकून भेटला."

इंजिनाचा आवाज आणखी चढला.

"म्हून तो दारावर राह्यते. चालत्या वस्तूले बांधत नाई. बांधला का लदेणी निंगते, धना."

मी मागे पाहिलं. पाहायला नको होतं, पण माझं तोंडच त्या बाजूला होतं.

पाडव्याला पाऊस पडून गेला होता. रस्ता ओलसर होता. आमच्या चाकांच्या खुणा मला त्यावर स्पष्ट दिसत होत्या. आणि तरीही मागे, दूरवर, धुरळा उठला होता. रस्त्याच्या रुंदीएवढा. वाऱ्यानं हलत नव्हता. आमच्याच चालीनं पुढे पुढे येत होता.

नदीच्या अलीकडे रस्ता फुटतो. उजवीकडे नवा पूल आणि पुढे पुसद. डावीकडे जुना उतार, जिथून पूर्वी लोक पाण्यातून पलीकडे जात. पूल झाल्यापासून तिकडे कुणी फिरकत नव्हतं. वाट गवतात बुडाली होती.

धनसिंगभाऊनं चाक उजवीकडे फिरवलं.

जीप डावीकडे वळली.

त्यानं बटण बंद केलं. इंजिन चालूच. गिअर काढायला गेला, दांडा निघेना. क्लच दाबला तरी चाकं फिरतच राहिली. शेवटी तो सीटवरून उठून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या.

जीप हळू झाली. थांबली नाही. बैल चालतो त्या चालीनं गवतातून उताराकडे निघाली. वर इंजिन ओरडत होतं आणि खालून घंटा... ठण्, ठण्.

"याडी, उभी राह्यत नाई!"

"वझं उतरल्याबिगर तो उभा राह्यत नाई," मानीबाई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "इमल, धर इंदूले. उतराचं हाय."

चालत्या गाडीतून वहिनीला कसं उतरवलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मानीबाई आधी उतरली आणि चालता चालता तिनं वहिनीचे पाय धरले. मी काखेत हात घातले. गादी अर्धी खाली आली आणि आम्ही तिघी गवतात पडलो. माझा गुडघा फुटला. वहिनी ओरडली.

"भाऊ, उडी मारा!" मी ओरडले.

"तुमी सरका बाजूले! ब्रेक सोडला त हे पळन आन मांगचे तुमच्या अंगावर येतीन! मी आलोच!"

हेच त्याचं शेवटचं बोलणं. "मी आलोच."

बाजूला तुरीचं शेत होतं. डोक्याएवढी तूर, फुलावर आलेली. आम्ही वहिनीला ओढत धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आत नेलं. मी वळून पाहिलं तेव्हा जीप उताराच्या वळणावर होती. तो अजून ब्रेकवर उभाच होता. मग ती वळणाआड गेली.

तो आला नाही.

धुरळा आला...

मानीबाईनं वहिनीचं डोकं आपल्या ओढणीखाली घेतलं. मला खाली बसवलं. तुरीच्या फांद्यांमधून वाट दिसत होती, आमच्यापासून दहा हातांवर असेल.

आधी वास आला. बैलांच्या घामाचा आणि ओल्या गोणपाटाचा. मग खुरांचा आवाज. पुष्कळ खुरं, सावकाश चाललेली. त्यात एकाही माणसाचा आवाज नाही. बैल हाकणारा माणूस गप्प राहतो का कधी? काहीतरी बोलतो, हुर्र करतो, शिवी देतो, गाणं म्हणतो. तिथे काहीच नव्हतं.

बैलं दिसली. पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या. त्यांतून पाणी गळत होतं. प्रत्येक दोन-तीन बैलांमागे एक माणूस, पागोटं घातलेला, खाली पाहत चाललेला. चेहरे मला दिसले नाहीत. दिसले नाहीत हे बरंच झालं.

किती गेले ते सांगता येत नाही. वहिनीला कळ आली आणि तिनं ओढणीचा बोळा दातांत धरला. मानीबाईचा एक हात तिच्या पोटावर होता. बाळ यायला लागलं होतं.

लदेणी संपत आली. आणि शेवटच्या बैलाच्या मागे...

त्याच्या डोक्याला पागोटं नव्हतं. अंगात खाकी सदरा होता. एक हात बैलाच्या पुठ्ठ्यावर ठेवून, खाली मान घालून तो चालला होता. सदरा छातीपर्यंत ओला होता.

धनसिंगभाऊ.

मी तोंड उघडलं. एक हाक मारली की हातातलं काम टाकून येणारा माणूस होता तो. मी नुसतं "भाऊ" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मानीबाईचा हात माझ्या तोंडावर बसला.

मी सुटायला धडपडले. तिला दिसत नाही असं मला वाटलं. मी हातानं दाखवलं. मी तिच्या तळव्याला चावले, रक्त येईपर्यंत चावले. तिनं हात काढला नाही. ती त्याच्याकडेच पाहत होती. आपल्या मुलाकडे. तो आमच्यासमोरून गेला, वळणाशी पोचला आणि दिसेनासा झाला, तोवर ती डोळे न मिटता पाहत राहिली.

मग बऱ्याच वेळानं तिनं हात काढला आणि वहिनीकडे वळली. "आता दम लाव, बाई," ती म्हणाली.

मुलगा झाला. आधी रडला नाही. मानीबाईनं त्याला पालथं धरलं, तोंडात बोट घातलं, पाठ चोळली. मग रडला. मी माझ्या लुगड्याचा पदर फाडून त्याला गुंडाळलं.

थोड्या वेळानं बैलगाड्यांचा आवाज आला तेव्हा माझा जीवच गेला होता. पण तो बबनराव होता. कापूस विकून पुलावरून परत येत होता. त्यानं वहिनीला गाडीत घातलं आणि तसाच पुसदकडे फिरला. रक्त फार गेलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं. रस्त्यात काही भेटलं का, असं मी भावाला विचारलं. म्हणाला, चिटपाखरू नव्हतं.

सकाळी गावकरी जुन्या उतारावर गेले. जीप नदीच्या मध्यावर उभी होती. पाणी जेमतेम चाकांच्या निम्म्यापर्यंत. तेवढ्या पाण्यात लहान मूलही बुडणार नाही.

तिचं इंजिन चालू होतं.

अगदी सावकाश. संथ. घुरघुरत होतं. जीपमध्ये कुणी नव्हतं.

भोयांनी जाळी टाकून खालपर्यंत नदी धुंडाळली. धनसिंगभाऊ सापडला नाही. बबनरावनं पुसदहून दुसरा मिस्त्री आणून कार्बुरेटर उघडवला. मिस्त्री म्हणाला, यात पॅकिंगच नाही, लोखंडावर लोखंड बसलंय, ही गाडी अशी चालणं शक्यच नाही. भावानं ती जीप भंगारात दिली आणि पुन्हा कधी मोटार घेतली नाही.

लोक म्हणाले, ब्रेक लागला नाही, माणूस वाहून गेला. काहीजण त्याच्याबद्दल वाईटही बोलले, की गाडी नदीत घालून भिऊन पळाला. मला त्या लोकांचा अजून राग येतो.

मानीबाई बाळाला न्हाऊ घालायला रोज येत राहिली. तेल लावायची, पाय ओढायची, धुरी द्यायची. तळव्यावर माझ्या दातांची जखम होती, तिला चिंधी बांधलेली. रडताना तिला मी पाहिलं नाही. सासरी जायच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. ती बाळाला पायांवर घेऊन बसली होती.

"मावशी, मी हाक मारत होते. काहून माझं तोंड दाबलं?"

तिचे हात थांबले नाहीत. बाळाच्या अंगावर पाणी घालता घालता ती म्हणाली, "तू हाक मारली असती त तो थांबला असता. लई आयकणारा होता माहा पोरगा."

"मग?"

"तो थांबला असता, तर त्याच्या मांगून जे येऊन राह्यले होते ते बी थांबले असते. तठीच. इंदूच्या उशाशी."

तिनं बाळाला पुसलं, माझ्या हातात दिलं आणि घंगाळ उचलून बाहेर गेली.

मानीबाई जाऊन खूप वर्षं झाली. इंदूवहिनीही गेली. तुरीत जन्मलेला माझा भाचा आता साठीच्या पुढे आहे, नातवंडं खेळवतो. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

पण तिचं ते बोलणं मला अजून झोपू देत नाही.

कारण मी नीट पाहिलं होतं. उजेड होता. धनसिंगभाऊ लदेणीत शेवटचा होता. त्याच्या मागे बैल नव्हता, माणूस नव्हता, धुरळाही नव्हता. त्याच्या मागची वाट मला पार रस्त्याच्या फाट्यापर्यंत मोकळी दिसत होती.

तो गेल्यावरही मानीबाई त्या मोकळ्या वाटेकडे पाहत होती आणि माझ्या तोंडावरचा हात तिनं बराच वेळ काढला नव्हता.